कॉलेजात शिस्तभंगाची नोंद आहे आणि मेडिकलला अर्ज करायचाय (अमेरिका): सांगायचं की गप्प बसायचं?

पागोळी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:४०

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत. मुलगा बायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीपीए ३.७ च्या आसपास, एप्रिलमध्ये एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), जूनमध्ये मेडिकलचे अर्ज भरायचे असं ठरलेलं. मागच्या आठवड्यात घरी आला आणि जेवण झाल्यावर म्हणाला, आई, बाबांनाही बोलव, काहीतरी सांगायचंय.

दोन गोष्टी निघाल्या. पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये खोलीत बिअरचे कॅन सापडले, आरएने (डॉर्मवर लक्ष ठेवणारा सीनियर विद्यार्थी) रिपोर्ट केला, लेखी ताकीद मिळाली. ते एक वेळ समजू शकते. दुसऱ्या वर्षी मात्र ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये याचा आणि एका मित्राचा रिपोर्ट सारखा निघाला. प्रोफेसरने वर कळवलं. सुनावणी झाली, दोघांनाही त्या रिपोर्टला शून्य, एका सेमिस्टरचं डिसिप्लिनरी प्रोबेशन आणि एक ऑनलाइन वर्कशॉप. हे गेल्या एप्रिलमधलं. म्हणजे दहा महिने हा पोरगा हे पोटात ठेवून सणावाराला घरी येत होता!

प्री-मेड ॲडव्हायझरने त्याला सांगितलंय की अर्जात 'आयए' म्हणजे इन्स्टिट्यूशनल ॲक्शनचा प्रश्न असतो, तिथे हो म्हणावं लागेल. पण कॉलेजच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय की पदवीनंतर ही नोंद नष्ट केली जाईल आणि ट्रान्सक्रिप्टवर काहीच येणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, कॉलेजच पुसतंय तर आपण कशाला ढोल बडवायचा? पुण्याहून भावाचाही तोच सूर. मला तेव्हापासून धड झोप नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा. संस्कारांवर प्रवचन नको, ते मी स्वतःला रोज देतेय.

कोरा_चहा | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ताई, शांत व्हा. आधी चहा घ्या.

माझं स्पष्ट मत: सांगू नका. ट्रान्सक्रिप्टवर नाही, पदवीनंतर फाईलही नाही. मग कोणाला स्वप्न पडणार आहे? आमच्या ओळखीतल्या एकाने असंच केलं, आज रेसिडेन्सी करतोय. या देशात स्वतःहून मान पुढे करणाऱ्याचीच मान कापतात.

मिडवेस्टवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

कोरा_चहा, तुमचा सल्ला धोकादायक आहे. माझी मुलगी गेल्या वर्षी याच चक्रातून गेली (तिची नोंद नव्हती, पण अर्जाचा शब्दन्‌शब्द आम्हाला पाठ आहे). बहुतेक सगळ्या एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचे अर्ज ज्या एकाच खिडकीतून जातात तो ॲमकास. तिथला प्रश्न मराठीत साधारण असा: कोणत्याही कॉलेजने किंवा मेडिकल स्कूलने असमाधानकारक अभ्यासाबद्दल किंवा वर्तनाच्या नियमभंगाबद्दल तुमच्यावर कधीही कारवाई केली आहे का, त्या कारवाईने तुमचं शिक्षण थांबलं नसलं तरी?

आणि खाली सूचना आहे की नोंद ट्रान्सक्रिप्टवर नसली, किंवा कॉलेजच्या धोरणाने वा तुमच्या विनंतीवरून पुसली गेली असली, तरीही उत्तर 'हो'च द्यायचं. पागोळींच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे छापलेलंच आहे.

गंमत बघा. त्याच अर्जात गुन्हेगारी शिक्षेचेही प्रश्न आहेत. तिथे कोर्टाने रेकॉर्डमधून काढून टाकलेली शिक्षा सांगावी लागत नाही. म्हणजे कोर्टाने पुसलेलं पुसलं जातं, कॉलेजने पुसलेलं जात नाही.

कोरा_चहा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:४४

नियम माहीत आहे हो. प्रश्न आहे, कळणार कसं?

चिंचगुळ | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

पागोळी, एक मिठी.

थोडं अवांतर: माझ्या लेकीला हायस्कूलमध्ये तीन दिवस सस्पेंड केलं होतं (व्हेपिंग. नका विचारू.) तेही पुढे सांगावं लागेल का?

मिडवेस्टवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

चिंचगुळ, ॲमकासचा प्रश्न कॉलेज आणि मेडिकल स्कूलपुरता आहे, हायस्कूल त्यात नाही. कॉमन ॲपनेही (अनेक कॉलेजांचा पदवी प्रवेशाचा सामायिक अर्ज) २०२१-२२ पासून शाळेतल्या शिक्षेचा प्रश्न आपल्या सामायिक भागातून काढलाय. एखादं कॉलेज स्वतःच्या पुरवणी प्रश्नांत विचारू शकतं, तेवढं बघा.

डॉ_खडीसाखर | १३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

दिवसभर ओपीडी होती, आत्ता वाचलं. मी एका सरकारी मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीवर सहा वर्षं होतो. कुठल्या, ते सांगणार नाही.

'कळणार कसं' याचं उत्तर आधी देतो, कारण माझ्यासमोर ते घडलेलं आहे. अनेक कॉलेजांत प्री-मेड कमिटी असते, ती विद्यार्थ्याबद्दल एकत्रित पत्र पाठवते, आणि ते लिहिताना काही ठिकाणी डीनच्या ऑफिसकडे विचारणा होते. काही मेडिकल स्कूल प्रवेश दिल्यावर कॉलेजकडून वर्तनाचा दाखला मागवतात. शिवाय पागोळींच्या मुलाने ॲडव्हायझरला आधीच सांगितलंय, म्हणजे गुपित उरलेलंच नाही. अर्जात विसंगती दिसली तर एएएमसी (ॲमकास चालवणारी मेडिकल कॉलेजांची संघटना) चौकशी करते आणि तिचा अहवाल विद्यार्थ्याने जिथे जिथे अर्ज केला त्या सगळ्या शाळांना जातो. आणि समजा, कोणालाच कळलं नाही. मग मुलगा चार वर्षं मेडिकल, पुढे रेसिडेन्सी, पुढे राज्याचं लायसन्स, प्रत्येक फॉर्मवर सही करणार आणि प्रत्येक वेळी त्याच्या पोटात गोळा येणार. अर्जात खोटं बोलल्याचं प्रवेशानंतर उघड झालं तर थेट काढून टाकू शकतात. लॅब रिपोर्टसाठी कोणी काढत नाही.

आता फाईल वाचणारा माणूस काय बघतो. दारूची ताकीद, पहिलं वर्ष, एकदाच: खरं सांगतो, आम्ही पुढचं पान उलटायचो. एकवीसच्या आत पिणं बेकायदा आहे हे मान्य, पण डॉर्ममधली बिअर हा अमेरिकेतल्या अठरा वर्षांच्या पोरांचा सर्दीखोकला आहे. तीच गोष्ट तीनदा झाली असती तर विषय वेगळा होता.

कॉपी ही मात्र जड गोष्ट आहे. उद्या हा मुलगा रात्री तीन वाजता पेशंटच्या चार्टवर लिहिणार आहे की मी छाती तपासली, फुप्फुसं स्वच्छ आहेत. तपासली नसेल आणि आदल्या दिवशीची नोट चिकटवली असेल तर? लॅब रिपोर्ट आणि प्रोग्रेस नोट या सख्ख्या बहिणी आहेत. समितीत हा प्रश्न उघडपणे विचारला जातो.

२००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. राज्यांच्या मेडिकल बोर्डांनी शिक्षा केलेले २३५ डॉक्टर घेतले, तुलनेला तसेच ४६९ शिक्षा न झालेले, आणि सगळ्यांच्या मेडिकल कॉलेजातल्या जुन्या फायली उघडल्या. विद्यार्थी असताना गैरवर्तनाची नोंद असलेल्यांमध्ये पुढे शिक्षा होण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट. त्यातही सर्वांत ठळक दोन गोष्टी होत्या: बेजबाबदारपणा, आणि चूक दाखवली तरी सुधारण्याची कुवत नसणं. तो अभ्यास मेडिकलमधल्या वागण्याचा आहे, त्याआधीच्या कॉलेजचा नाही, हे लक्षात ठेवा. पण समितीवरच्या लोकांच्या डोक्यात तो असतो. म्हणून ते चुकीपेक्षा चुकीनंतरचे महिने जास्त वाचतात.

मुलाला एक विचारा: गेल्या एप्रिलनंतर काय केलंस?

कोरा_चहा | १३ फेब्रुवारी, रात्री १०:०२

डॉक्टरसाहेब, माघार घेतो. चार्टचं उदाहरण पटलं. माझ्या ओळखीतल्या त्या रेसिडेंटसाठी आता मलाच टेन्शन आलंय.

शेवगा | १४ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

नाइट ड्यूटीवर आहे, शांत आहे म्हणून लिहितो. मराठी टायपिंग हळू आहे, समजून घ्या.

माझ्यावर आयए होती. सेकंड इयरमध्ये डॉर्मात पार्टी, माझ्या रूममध्ये, एका मुलीला अँब्युलन्सने न्यावं लागलं. ती ठीक झाली. मला एक वर्ष प्रोबेशन आणि हाऊसिंगमधून बाहेर. मी आता इंटर्नल मेडिसिनच्या सेकंड इयरला रेसिडेंट आहे. म्हणजे होतं.

पण पहिल्या वर्षी माझं कुठेच झालं नाही. १९ शाळा, एक मुलाखत, शून्य प्रवेश. तेव्हा मी त्या बॉक्समध्ये काय लिहिलं होतं ते आत्ता वाचलं की लाज वाटते. 'मित्रांच्या दबावाखाली', 'कॉलेजचं धोरण अतिशय कडक असल्याने', 'या अनुभवातून मी खूप काही शिकलो'. काय शिकलो? एक शब्द नाही. त्या मुलीचा उल्लेखसुद्धा नव्हता. एका मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तेवढंच विचारलं: आणि ती कशी आहे? मला उत्तर देता आलं नाही. मी तिला नंतर कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी तीन वाक्यांत काय झालं ते लिहिलं. मग तिला फोन केला, माफी मागितली, ते लिहिलं नाही पण मुलाखतीत विचारलं तेव्हा सांगितलं. मधल्या वर्षात ईएमटीचं (अँब्युलन्सवरच्या तातडीच्या मदतनीसाचं) लायसन्स काढून अँब्युलन्सवर काम केलं. चार मुलाखती, दोन ठिकाणी प्रवेश.

जागा किती मिळते माहीत आहे का? १३२५ कॅरेक्टर्स. शब्द नाहीत, कॅरेक्टर्स, स्पेस धरून. दोन्ही घटना त्यातच. म्हणजे रडायला जागाच नसते.

पेजर वाजला. बाय.

उंबरठा | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मी पुण्यात, निवृत्त. तीस वर्षं मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवलं. तुमची चर्चा वाचून एक गोष्ट जाणवली. आपल्याकडे नीटचा क्रमांक लागला की प्रवेश. मुलगा माणूस म्हणून कसा आहे हे प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. अपवाद रॅगिंगचा. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा आहे. त्याखाली दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश देता येत नाही. दरवर्षी पालक आणि विद्यार्थी दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतो. पालक न वाचता सही करतात, हेही सांगून ठेवतो.

मात्र माझ्या हाताखालून जर्नल उतरवून काढणारी किती मुलं गेली याची गणती नाही. आम्ही सह्या केल्या. 'सिनियरच्या जर्नलवरून उतरव आणि सबमिशन कर' हा आमच्या विद्यार्थ्यांचा कुळाचार. त्यामुळे पागोळीताई, तुमच्या भावाला यात काही वावगं वाटत नाही ते साहजिक आहे. त्याने जर्नल लिहिलं असेल तर विचारा कोणाचं बघून लिहिलं.

पागोळी | १४ फेब्रुवारी, दुपारी १:१५

उंबरठा काका, भाऊ इंजिनियर आहे. विचारलं. हसला.

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगायचं हे आता नक्की. नवराही डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून गप्प झालाय. पुढचे प्रश्न: (अ) बिअरची ताकीद ही 'कारवाई' धरायची का? (आ) कॉलेजात नेमकं काय नोंदवलंय ते कसं कळेल? मी डीनच्या ऑफिसला फोन केला तर त्यांनी माझ्याशी बोलायलाच नकार दिला. वर्षाला इतके पैसे भरतो आम्ही!

मिडवेस्टवाला | १४ फेब्रुवारी, दुपारी २:००

नकार देणारच. १९७४ चा फर्पा कायदा. मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचे हक्क आईबापांकडून मुलाकडे जातात. फी आपली, फाईल त्याची. (एकवीसच्या आतल्या मुलाने दारूचा नियम मोडला तर कॉलेज पालकांना कळवू *शकतं*, पण कळवायलाच हवं असं नाही. तुम्हाला कळवलं नाही हे उघडच आहे.)

पण याच कायद्याने मुलाला स्वतःची फाईल बघता येते. त्याने लेखी विनंती करावी, कॉलेजला ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागते. मुलाच्या आठवणीतलं 'प्रोबेशन' आणि फाईलमधलं प्रोबेशन एकच असेल असं धरून चालू नका. तारखा, कलम, शिक्षेचं नाव, सगळं फाईलमधल्याप्रमाणेच अर्जात यायला हवं.

(अ) चं उत्तर: कॉलेजागणिक वेगळं. काही ठिकाणी लेखी ताकीद ही अधिकृत शिक्षा असते, काही ठिकाणी नुसती समज. स्टुडंट कंडक्ट ऑफिसला ईमेलवर विचारावं, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

डॉ_खडीसाखर | १४ फेब्रुवारी, रात्री ८:४५

मिडवेस्टवाल्यांना अनुमोदन. ते ईमेल मुलाने पाठवायचं आहे. पागोळींनी नव्हे.

टेम्सकाठी | १५ फेब्रुवारी, पहाटे ५:३०

इंग्लंडमधून. इथेही सुटका नाही. मेडिकलमधून फिटनेस टू प्रॅक्टिसच्या (डॉक्टरकी करायला योग्य नसल्याच्या) कारणाने काढलेल्या विद्यार्थ्यांची मेडिकल स्कूल्स कौन्सिलकडे यादी असते, शाळा ती तपासतात. पदवीनंतर जीएमसीकडे (डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल) नाव नोंदवतानाही जुन्या गोष्टी जाहीर कराव्या लागतात.

पागोळी | ९ मार्च, रात्री १०:३०

फाईल मिळाली. बिअरची ताकीद त्यांच्या नियमात शिक्षा म्हणूनच आहे, त्यामुळे दोन्ही सांगायच्या. त्या बॉक्ससाठीचा मसुदा तयार आहे, त्यातल्या लॅबच्या भागाचा सारांश मराठीत देते. कृपया परखड मत द्या.

'ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहकार्याच्या मर्यादेबद्दल झालेल्या गैरसमजातून माझा व माझ्या लॅब पार्टनरचा अहवाल अंशतः समान आढळला. त्या काळात माझ्यावर अभ्यासाचा प्रचंड ताण होता व आजोबांची तब्येत बरी नव्हती. प्राध्यापकांचे नियम इतर सेक्शनपेक्षा कडक होते. माझा एकूण ग्रेड तरीही ए-मायनस आहे. या प्रसंगाने मला सचोटीचे महत्त्व उमगले असून मी अधिक प्रगल्भ व्यक्ती झालो आहे.'

चिंचगुळ | ९ मार्च, रात्री १०:४८

छान वाटतंय की.

शेवगा | ९ मार्च, रात्री ११:५५

अरे देवा. हा माझाच पहिला मसुदा आहे.

डॉ_खडीसाखर | १० मार्च, सकाळी ६:५०

परखड हवंय म्हणालात, म्हणून.

'गैरसमज': कोणाचा? समितीकडे अशा फायलींमध्ये निम्मे लोक गैरसमजाचे बळी असतात. 'अंशतः समान आढळला': जणू काही रिपोर्ट आपोआप समान झाला, मुलगा शेजारी उभा होता. आजोबांची तब्येत: ते बिचारे कशाला यात? त्यांचं खरंच बिघडलं असेल तर ते दुसरीकडे लिहा, इथे ते ढाल दिसतात. प्राध्यापक कडक: हे वाक्य वाचलं की मी पेन खाली ठेवायचो. ए-मायनस: विचारलं कोणी?

आणि 'प्रगल्भ व्यक्ती'. एकवीस वर्षांचा मुलगा स्वतःला असं म्हणत नाही. ताई, हे लिहिलंय कोणी?

पागोळी | १० मार्च, सकाळी ९:१०

मी आणि ह्यांनी. तो म्हणाला होता त्यावरून.

उंबरठा | १० मार्च, सकाळी ९:४०

दुसऱ्याने लिहून दिलेल्या रिपोर्टबद्दलची कबुली दुसऱ्याने लिहून द्यायची!

पागोळी | १० मार्च, सकाळी ९:५८

काका, लागलं.

शेवगा | १० मार्च, दुपारी ३:२०

पागोळीताई, वाईट वाटून घेऊ नका, माझ्या आईनेही हेच केलं असतं, मी तिला सांगितलं नव्हतं म्हणून वाचलो. त्याला एकट्याला बसू दे. मला उपयोगी पडलेली एकच गोष्ट सांगतो: आधी 'मी' ने सुरू होणारं एक वाक्य, क्रियापद सकर्मक. मी दिला. मी घेतला. मी उतरवला. हे लिहायला मला तीन दिवस लागले होते.

आणि याच जूनमध्ये अर्ज करायची घाई आहे का? घटना गेल्या एप्रिलची, अर्ज या जूनमध्ये म्हणजे चौदा महिने, त्यातलं एक सेमिस्टर प्रोबेशनमध्येच गेलेलं. एक गॅप इयर घेतलं तर सव्वादोन वर्षं होतात, दाखवायला काहीतरी असतं. आजकाल निम्म्याहून जास्त मुलं गॅप घेऊनच मेडिकलला जातात, त्यात कमीपणा नाही. सलग दोनदा अर्ज करणं जास्त महाग पडतं, खिशाला पण आणि मनाला पण.

कोरा_चहा | १० मार्च, सायं ६:००

गॅप इयर म्हणजे मराठी मंडळात 'मग सध्या काय करतोय मुलगा?' हा प्रश्न बारा महिने. मानसिक तयारी ठेवा.

पागोळी | २२ मार्च, रात्री १२:२५

खूप उशिरा लिहितेय. गेले दहा दिवस घरात जे चाललंय ते कोणाला तरी सांगायला हवं.

त्याला सांगितलं, तूच लिही. तो स्प्रिंग ब्रेकला आला होता. तीन दिवस वरच्या खोलीत. मग कागद आणून दिला. शब्दशः इथे टाकू नकोस म्हणालाय, म्हणून आशय सांगते.

आम्ही इतके दिवस समजत होतो की त्या मित्राने याचं बघून लिहिलं. मी तर मनातल्या मनात त्या मुलाला काय काय बोलले होते. खरं उलट आहे. याचा प्रयोग बिघडला होता, प्रॉडक्ट गाळताना सांडलं, यील्ड (हाती येणारं उत्पादन) नीट येईना. रिपोर्ट रात्री बाराला द्यायचा होता. याने मित्राला आकडे मागितले, त्याने विश्वासाने पूर्ण फाईल पाठवली, 'फक्त फॉरमॅट बघ' म्हणून. याने आकडेही घेतले आणि चर्चेचा भागही शब्द फिरवून घेतला. सुनावणीत मित्राने फक्त एवढंच सांगितलं की हो, फाईल मी दिली. नियमाप्रमाणे देणाराही तितकाच दोषी. शिक्षा सारखी. आणि तो मुलगाही प्री-मेड आहे.

तो मुलगा आमच्या ओळखीतला. त्याच्या आईला मी गणपतीत भेटले होते, मोदक वाढत होते मी तिच्या पानात. तिला तेव्हा माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मला तर नव्हतंच.

डॉ_खडीसाखर | २२ मार्च, सकाळी ७:१५

आता हे कोणीतरी खऱ्या माणसाने लिहिलेलं आहे.

मुलाला दोन तांत्रिक गोष्टी सांगा. मित्राचं नाव किंवा ओळख पटेल असं काही अर्जात नको. 'माझ्यामुळे दुसऱ्या विद्यार्थ्यालाही शिक्षा झाली' एवढं एक वाक्य पुरे, आणि तेच त्या बॉक्समधलं सर्वांत वजनदार वाक्य असेल. दुसरं, दारूच्या ताकिदीला दोन ओळींच्या वर जागा देऊ नका, नाहीतर दोन्ही गोष्टी एकाच वजनाच्या वाटतात.

आणि अर्ज पाठवल्यानंतर काहीही नवीन घडलं तर कामाच्या दहा दिवसांत शाळांना कळवणं बंधनकारक असतं. हे त्याला माहीत असू दे. घडू नये, पण माहीत असू दे.

चिंचगुळ | २२ मार्च, सकाळी ८:३०

त्या मित्राशी तो बोलला का?

पागोळी | २२ मार्च, सकाळी ९:०५

घटनेनंतर सहा महिने बोलणंच बंद होतं. परवा मेसेज केला म्हणाला. उत्तर अजून नाही.

पागोळी | ३० मे, रात्री ९:००

या वर्षी अर्ज करत नाहीये. एमकॅट दिली, चांगली गेली. त्याच्या कॉलेजात लॅबला नवीन येणाऱ्या मुलांना नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवणारे पीअर ट्यूटर असतात. त्याने त्याच ऑरगॅनिकच्या प्रोफेसरला भेटून विचारलं, मला घ्याल का? मला वाटलं होतं ते हाकलून देतील. त्यांनी घेतलं. पदवीनंतर एका इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइबचं काम बघतोय, डॉक्टर सांगतील ते चार्टमध्ये लिहायचं. खडीसाखर डॉक्टरांचं चार्टवालं उदाहरण मी त्याला सांगितलं नव्हतं, शप्पथ.

मंडळात दोघांनी विचारलं, सध्या काय करतोय. कोरा_चहा, तुमची आठवण झाली.

कोरा_चहा | ३० मे, रात्री ९:१२

😄 उत्तर काय दिलंत?

पागोळी | ३० मे, रात्री ९:२०

म्हटलं, लिहायला शिकतोय.

पागोळी | पुढच्या वर्षी, १८ डिसेंबर, दुपारी ३:३०

धागा वर काढतेय, कारण ज्यांनी वेळ दिला त्यांना कळायला हवं.

या जूनमध्ये अर्ज गेला. २४ एमडी, ८ डीओ (ऑस्टिओपॅथिक, तीही डॉक्टरकीचीच पदवी). डीओच्या अर्जातही हाच प्रश्न होता, दोन्हीकडे तंतोतंत एकच उत्तर दिलं (मिडवेस्टवाले, हा तुमचा सल्ला खाजगी निरोपातला). बऱ्याच शाळांनी सेकंडरीत (शाळेच्या स्वतःच्या पुरवणी अर्जात) पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. आतापर्यंत पाच मुलाखती. दोन ठिकाणी विषयच निघाला नाही. एका ठिकाणी एका विद्यार्थी-मुलाखतकाराने विचारलं, आणि मग दहा मिनिटं दोघं यील्ड काढताना काय काय सांडतं यावर बोलत बसले. एका ठिकाणी मात्र वीस मिनिटं तेवढंच. फोनवर आवाज पडलेला होता त्याचा. तिथून नकार आला.

एमडी शाळा ऑक्टोबरच्या मध्यापासून प्रवेश कळवायला लागतात हे आम्हाला पाठ झालं होतं, १५ तारखेला मी उगाच दर तासाला त्याच्याकडे बघत होते. काही आलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी एका डीओ शाळेचा होकार आला. काल एका एमडी शाळेने वेटलिस्टवर ठेवल्याचं कळवलं. ह्यांना अजून एमडीची आस आहे. त्याला फारशी दिसत नाही, त्याने डीओची डिपॉझिट भरूनसुद्धा टाकली.

होकाराचा ईमेल आला तेव्हा तो ड्यूटीवर होता. आम्हाला रात्री सांगितलं. आमच्या आधी त्याने त्या मित्राला सांगितलं होतं, हे मला मित्राच्या आईकडून कळलं. तो मुलगा आता मेडिकलला जाणार नाहीये, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतोय. ती म्हणाली, त्याला तेच आवडतं. मी विचारलं नाही की आधीपासून आवडायचं का.

शेवगा | १८ डिसेंबर, दुपारी ४:०५

अभिनंदन!! त्याला सांगा, डीओ-एमडी कोण विचारत नाही, रात्री तीनला पेजर दोघांचाही वाजतो.

डॉ_खडीसाखर | १८ डिसेंबर, रात्री ९:३०

अभिनंदन. त्या वीस मिनिटांच्या मुलाखतीबद्दल: माझ्या समितीत मीही असा माणूस होतो एकदा. तो मुलगा आता कुठेतरी सर्जन आहे, मी त्याला नाही म्हटलं होतं.

सातूचे_पीठ | १९ डिसेंबर, सकाळी ७:४०

नमस्कार, नवीन आहे, पूर्ण धागा वाचून काढला. आमच्या मुलीला कॉलेजातून पार्किंगच्या दंडाची तीन पत्रं आली आहेत. ती पण प्री-मेड आहे. ही आयए धरायची का? मी उद्या त्यांच्या ऑफिसला फोन करणार आहे.

पागोळी | १९ डिसेंबर, सकाळी ७:५२

तुमच्याशी बोलणार नाहीत. मुलीला ईमेल करायला सांगा.